नव्या कॅमेऱ्याला रफू कशाला?

डिजिटल कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर, ‘बॅटरी आगीत टाकू नका’ आणि ‘पट्टा लहान मुलांच्या गळ्यात अडकू देऊ नका’ या सूचनांच्या शेजारी, एक मजकूर हमखास भेटतो. कंपनीगणिक शब्द बदलतात, आशय एकच. डिस्प्ले अत्यंत अचूक तंत्राने बनवलेला आहे, त्यातले 99.99 टक्के पिक्सेल उत्तम चालतात, पण काही ठिपके सतत काळे किंवा सतत लाल, हिरवे, निळे दिसू शकतात, आणि हा बिघाड समजू नये. हा मजकूर घरी कोणी वाचत नाही. तो आपण वाचावा म्हणून छापलेलाही नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने तो आपल्याला वाचून दाखवावा, एवढ्यासाठीच त्याची योजना आहे.

मला तो वाचून दाखवण्यात आला. कॅमेरा कोरा होता. फोर्टात बोरा बाजारच्या अंगाला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, त्यांतल्या एकातून रीतसर बिलाने, 18 टक्के जीएसटी भरून घेतलेला. ‘विदाउट बिल घ्या, थोडे कमी लावतो’ हा मोह टाळून घेतलेला, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर माझ्याकडे चोरबाजारातून आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं गेलं. घरी येऊन बॅटरी चार्ज केली, कॅमेरा सुरू केला, तर डिस्प्लेच्या जवळजवळ मधोमध एक हिरवा ठिपका टक लावून माझ्याकडे बघत होता. आणि स्क्रीन बाहेर ओढून तिरकी केली की उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ उमटायची. सरळ केली की नाहीशी व्हायची.

आधी ठिपक्याचा हिशेब करू. मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत ‘10.4 लाख डॉट, तीन इंची डिस्प्ले’ असं कौतुकाने लिहिलेलं असतं. हे डॉट म्हणजे पिक्सेल नाहीत. लाल, हिरवा आणि निळा असे तीन डॉट मिळून एक पिक्सेल होतो. 720 गुणिले 480, म्हणजे 3,45,600 पिक्सेल. त्यांची तिप्पट केली की 10,36,800 डॉट. आकडा घसघशीत दिसावा म्हणून विकताना डॉट मोजायचे. मोजा बापडे! पण मग 99.99 टक्क्यांचा हिशेबही त्याच मापाने लावू. राहिलेला 0.01 टक्का म्हणजे सुमारे 104 डॉट. शंभरावर डॉट मेले तरी कंपनीच्या लेखी डिस्प्ले ठणठणीत.

आता तुलनेला काहीतरी हवं म्हणून सांगतो. संगणकाच्या सपाट मॉनिटरसाठी 2001 मध्ये आयएसओ 13406-2 हे मानक आलं होतं (2008 मध्ये त्याची जागा आयएसओ 9241 मालिकेने घेतली). त्यात पहिल्या श्रेणीच्या मॉनिटरवर एकही बिघडलेला पिक्सेल चालत नसे. दुसऱ्या श्रेणीत दर 10 लाख पिक्सेलमागे सतत पेटलेले 2, सतत विझलेले 2 आणि अर्धवट बिघडलेले 5, अशी एकूण 9 ची सूट होती. कॅमेऱ्याला हे मानक लागू नाही, हे कबूल. पण मॉनिटरवाल्यांना बाहेरच्या कोणीतरी 9 ची मुभा दिली आणि कॅमेरेवाल्यांनी आपली आपण 100 ची घेतली, हे तरी नोंदवून ठेवू.

कंपनीची बाजूही मला ठाऊक आहे. प्रत्येक डॉटच्या मागे एक इवलासा ट्रान्झिस्टर असतो. काचेच्या एका मोठ्या तावावर हे लाखोंनी घडवायचे, मग तो ताव कापून छोटे डिस्प्ले काढायचे. एखादा ट्रान्झिस्टर दगा देणारच, आणि एका ठिपक्यासाठी प्रत्येक डिस्प्ले बाद करायचा म्हटलं तर माल महाग होईल. पटलं. मग ते खोक्यावर छापा ना! ‘या नगात मधोमध एक हिरवा ठिपका आहे, त्यामुळे किंमत एवढी कमी.’ ते छापत नाहीत. निर्दोष नग आणि सदोष नग एकाच एमआरपीने विकायचा आणि कोणाच्या पदरात कोणता पडेल ते नशिबावर सोडायचं, हा व्यवहार आहे की मटका?

शिवाय पुस्तिकेतल्या त्या मजकुरात ठिपका कुठे आहे याबद्दल अवाक्षर नाही. कोपऱ्यातला ठिपका आणि मधला ठिपका सारखेच. मी पक्ष्यांचे फोटो काढतो. भांडुपच्या पंपिंग स्टेशनला पहाटे जाऊन खंड्याचा फोटो काढायचा, मग तो डिस्प्लेवर मोठा करून डोळा स्वच्छ आलाय की नाही ते बघायचं, तर नेमका डोळ्याच्या जागी हा हिरवा दिवा.

रेघेचं प्रकरण तर पिक्सेलचं नव्हेच. बाहेर ओढून फिरवता येणाऱ्या स्क्रीनला बिजागर असतं आणि त्या बिजागरातून एक पातळ फीत जाते. तिला रिपेअरवाले ‘फ्लेक्स’ म्हणतात. ती नीट बसलेली नसली किंवा दुमडली गेली की स्क्रीनच्या ठरावीक कोनात रेघ येते, कोन बदलला की जाते. म्हणजे हा जुळणीतला दोष, कारखान्यातला. कॅमेरा वापरून हे व्हायला दोन-तीन वर्षं बिजागर उघड-मीट करावं लागतं. इथे ते पहिल्याच दिवशी झालं. तरीही सर्व्हिस सेंटरच्या मुलाने रेघ पाहून तेच 99.99 चं पान उघडलं. मी म्हटलं, “अरे बाबा, हा ठिपका नाही, रेघ आहे.” तो म्हणाला, “सर, रेघ म्हणजे पिक्सेलच ना.” भूमितीच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं.

पण सर्व्हिस सेंटरआधी दुकान. तिथला संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात, कुठल्याही वस्तूबाबत, शब्दशः असाच होतो.

“साहेब, आम्ही फक्त विकतो. एकदा सील तुटलं की कंपनी बघणार.”

“सील तुम्हीच तोडलंत. वॉरंटी कार्डावर शिक्का मारायला.”

“ते प्रोसिजर आहे.”

“आणि स्क्रीन सुरू करून दाखवली नाहीत.”

“बॅटरी चार्ज नसते ना साहेब नव्यात. तुम्ही बोलायला पाहिजे होतं.”

बॅटरी चार्ज नव्हती, पण दुकानातल्या नमुन्याच्या कॅमेऱ्यात तशीच बॅटरी, पूर्ण भरलेली, बसली होती. ती काढून लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी काय केलं? स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास चिकटवून दिली, फुकट. त्याबरोबर एक बॅग, एक मेमरी कार्ड आणि वाऱ्याने कोलमडेल असा ट्रायपॉड. वस्तू तपासू द्यायची सोडून बाकी सगळी सेवा तत्पर.

‘दुकानातच चेक करायचं होतं’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने फेकलं जातं की गिऱ्हाईक निमूट मान खाली घालतं. कायदा मात्र नेमकं उलट सांगतो, आणि तोही इंग्रजांच्या काळापासून. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या 41 व्या कलमानुसार, आधी न तपासलेला माल हाती आला तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने तो स्वीकारला असं धरता येत नाही. त्याच कायद्याचं 16 वं कलम सांगतं की त्या मालाचा व्यापार करणाऱ्याने विकलेला माल विकण्यालायक दर्जाचा असला पाहिजे. ही जबाबदारी विकणाऱ्याची. ‘कंपनी बघेल’ ही पळवाट त्या कलमात कुठेच नाही. माझा व्यवहार दुकानदाराशी झाला. पैसे त्याच्या खात्यात गेले, बिलावर त्याचा जीएसटी नंबर आहे. कंपनीची आणि माझी त्या दिवशी ओळखसुद्धा नव्हती.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर आधी टोकन, मग जॉबशीट. जॉबशीटवर कॅमेऱ्याच्या स्थितीसमोर मुलाने लिहिलं, ‘यूज्ड’. मी बिलावरची तारीख दाखवली. तो म्हणाला, सिस्टममध्ये दोनच ऑप्शन आहेत, यूज्ड आणि डॅमेज्ड. मग कॅमेरा दिव्याखाली धरून त्याने एखाद्या जवाहिऱ्याच्या एकाग्रतेने ओरखडा शोधायला सुरुवात केली. हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मन लावून केलेला भाग. कारण एक ओरखडा सापडला की ‘फिजिकल डॅमेज’, आणि फिजिकल डॅमेज सापडलं की वॉरंटी संपली, एस्टिमेट सुरू. तो सापडला नाही. मग म्हणे, हा सेन्सरचा हॉट पिक्सेल असेल, मेनूत जाऊन पिक्सेल मॅपिंग करा, जाईल.

या एका उत्तरावर किती माणसं गप्प घरी गेली असतील! म्हणून फरक सांगून ठेवतो. सेन्सरचा बिघाड फोटोत उतरतो. फोटो संगणकावर उघडला तरी ठिपका तिथे असतो. डिस्प्लेचा बिघाड फोटोत नसतो. काढलेला फोटो डिस्प्लेवर मोठा करून इकडेतिकडे सरकवा. ठिपका चित्राबरोबर सरकला तर सेन्सर, जागचा हलला नाही तर डिस्प्ले. ज्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे, त्यात बघा. तिथे ठिपका नसेल आणि मागच्या स्क्रीनवर असेल, तर वादच मिटला. लेन्सवर झाकण ठेवून काढलेल्या काळ्या फोटोवर पेटलेले ठिपके दिसतात, पांढऱ्या भिंतीच्या भरपूर उजेड दिलेल्या फोटोवर मेलेले. हे सगळं मी त्याला तिथल्या तिथे करून दाखवलं. त्याने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “पण सर, फोटो तर क्लीन येतायत ना?”

हा प्रश्न मला घरीही विचारण्यात आला. मेहुणा म्हणाला, “फोटो येतात ना नीट? मग सोडा की, दाजी.” म्हणजे डिस्प्ले हा कॅमेऱ्याचा दागिना आहे असा समज. 1995 मध्ये कॅसिओने क्यूव्ही-10 हा कॅमेरा मागे 1.8 इंचाची स्क्रीन लावून आणला. काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसतो हीच त्याची जादू होती आणि तीवरच डिजिटल कॅमेरा सामान्य माणसाच्या हातात गेला. आजच्या कॅमेऱ्यात फोकसचा बिंदू बोटाने ठरवायचा तो स्क्रीनवर, उजेड जास्त झाला की कमी ते हिस्टोग्राममध्ये बघायचं ते स्क्रीनवर, सगळी सेटिंग तिथेच. स्वस्तातल्या अनेक मॉडेलांना तर व्ह्यूफाइंडरच नसतो. मग स्क्रीन वजा जाता तिथे उरतं काय? (स्क्रीन नकोच असेल तर तीही सोय आहे. लायकाने 2016 मध्ये एम-डी हा मागे स्क्रीनच नसलेला डिजिटल कॅमेरा काढला आणि स्क्रीनवाल्या भावंडापेक्षा महाग विकला. श्रीमंतांचे शौक. पण त्यात ग्राहकाला काय मिळणार नाही ते आधी सांगितलेलं होतं, हे कबूल करायला हवं.)

अखेर बऱ्याच फोनांनंतर आणि ‘एस्कलेट केलंय’ या उत्तरानंतर कंपनी उदार झाली. डिस्प्ले असेंब्ली बदलून देऊ, मोफत. पार्ट मागवावा लागेल, कॅमेरा इथे ठेवून जा. मी म्हटलं, नको. सगळे चकित. मोफत देतोय तरी नको?

माझं भांडण खरं इथे आहे. पैठणी घेतली, घरी येऊन घडी मोडली तर पदराला भोक. दुकानात परत नेली, तर दुकानदार म्हणतो, काळजी नको, आमचा कारागीर झकास रफू करून देईल, फुकट. कोण घेईल? पण तिच्या कैकपट किमतीच्या यंत्राला हाच न्याय लावला की आपण आभार मानतो. मी नव्या कॅमेऱ्याचे पैसे मोजले. दुरुस्त केलेल्या कॅमेऱ्याचे नव्हे. एकदा त्याचे स्क्रू उघडले, मागचं कव्हर काढलं, बिजागर सोडवलं, की तो कारखान्यातून आला तसा राहत नाही. धूळ-पावसापासून बचाव करणारी सीलं पूर्ववत बसली की नाही ते मुंबईच्या जुलैत कळतं. जो पार्ट बसवणार तो कोरा असेलच असंही नाही; अनेक वॉरंटीपत्रकांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की बदली भाग नवा किंवा रिकंडिशन केलेला असू शकतो. उद्या मी तो विकायला काढला तर घेणारा सीरियल नंबरवरून सर्व्हिसची नोंद विचारेल आणि भाव पाडेल. हे नुकसान माझ्या माथी का?

वर कायदा काय म्हणतो ते ऐका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ची व्याख्या कलम 2(47) मध्ये आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली एक प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर 30 दिवसांत. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी देवाच्या तसबिरीशेजारी लावणाऱ्या दुकानदारांनी हे कलम तिच्या खाली चिकटवावं. ऑनलाइन घेतला तरी सुटका नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मग ते ‘सात दिवस, फक्त सर्व्हिस सेंटर सहाय्य’ आणि ‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर क्लेम नाही’ हे कुठल्या नियमात बसतं? सदोष माल आपण विकायचा आणि घेणाऱ्याने खोकं उघडताना स्वतःचं चित्रीकरण करायचं!

कायद्याचं इतकं गुणगान केल्यावर त्याची लंगडी बाजूही सांगतो. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू पहिल्या 30 दिवसांत नाकारून सगळे पैसे परत घ्यायचा हक्क थेट आहे. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली मागितली, तर पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच होता असं धरलं जातं. नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. आपल्याकडे असं गृहीतक नाही. सिद्ध करायचं ते मी. दोष सहज ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग माल प्रयोगशाळेत पाठवतो, फी तक्रारदाराने भरायची, अहवालाला 45 दिवस. माझी रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते, चष्म्याशिवाय दिसते, पण विरुद्ध बाजूचा वकील प्रयोगशाळेची मागणी करणार नाही असं मानणारा माणूस कोर्टाची पायरी कधी चढलेला नसावा.

आणि वकिलांच्या खिशात सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा एक निकाल असतो. खटला मोटारीचा. वॉरंटीत सुटा भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचंच बंधन असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश टिकणार नाही, असा त्याचा सारांश. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी जात नाही. पण त्याचा अर्थ कंपन्यांनी असा लावला की वॉरंटी कार्ड लिहिणाऱ्याने आपली जबाबदारी आपणच आखून घ्यावी. वॉरंटी आपल्याला मिळालेली भेट वाटते. प्रत्यक्षात ते कंपनीने स्वतःभोवती घातलेलं कुंपण आहे. अशा एकतर्फी कराराविरुद्ध दाद मागायची सोय 2019 च्या कायद्याने केली, पण ती जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनसाठी राज्य आयोग! तरीही एक गोष्ट कंपन्यांच्या विरोधात जाते. त्याच कायद्याचं कलम 39 आयोगाला चार पर्याय शेजारी शेजारी देतं: दोष काढून द्या, निर्दोष नवा माल द्या, किंमत व्याजासह परत करा, भरपाई द्या. दुरुस्ती हाच एकमेव मार्ग असं तिथे म्हटलेलं नाही.

आपलंही कौतुक करण्यासारखं काही नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक संरक्षण कायदा व्हायला 1986 उजाडायचं होतं. त्या महाराष्ट्रात आज माणसं भाजीवाल्या मावशींशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी वाद घालतात आणि पंचाहत्तर हजारांच्या यंत्रावर ‘जाऊ दे, नशीब’ म्हणतात. फार झालं तर इंटरनेटवर एक तारा देतात. मावशींशी ताठ मानेने बोलता येतं, कारण त्या समोर बसलेल्या असतात. कंपनीच्या वतीने समोर कोण असतं? बावीस वर्षांचा एक मुलगा, ज्याला ‘नाही’ म्हणायचे अधिकार आहेत आणि ‘हो’ म्हणायचे नाहीत. त्याच्यावर ओरडून आपण मोकळे होतो. त्याला तिथे नेमकं त्यासाठीच बसवलेलं आहे. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. जॉबशीटवर ‘यूज्ड’ खोडून बिलाची तारीख लिहायला लावली, दोष त्याच्या अक्षरात नोंदवून घेतला आणि प्रत मागितली. ती प्रत मिळवण्यात जेवढा घाम गेला तेवढा कशातच नाही.

जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लागत नाही. तक्रार मी राहतो तिथे, ठाण्यात करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो. आयोगांवर माणसंच नेमली जात नाहीत म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, त्यामुळे त्या महिन्यांवर मी फारसा विसंबलेलो नाही. तरी दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस गेली. कागदावर 30 दिवस संपायच्या आत.

दुकानदाराचं उत्तर नाही. कंपनीचं ई-मेलवर आलं, फार गोड भाषेत. आमच्या तंत्रज्ञांच्या मते डिस्प्ले ठरवून दिलेल्या मर्यादेतच आहे. तथापि आपण मौल्यवान ग्राहक असल्याने डिस्प्ले असेंब्लीची मोफत बदली, सहा महिन्यांची वाढीव वॉरंटी आणि एक कॅमेरा बॅग देण्यात आम्हाला आनंद होईल. मी उलट टपाली कळवलं की बॅग दुकानदाराने आधीच दिलेली आहे, ती हवी असल्यास तीही घेऊन जा, ट्रायपॉडसकट. मला पूर्ण पैसे परत हवे आहेत, जीएसटी धरून. आणि डिस्प्ले मर्यादेतच असेल तर तुम्ही तो बदलताय कशासाठी, हे लेखी कळवा.